सोन्याचा एक अणू आणि हायड्रोजनचा अडकित्ता

परवा आत्याबरोबर लक्ष्मी रोडला गेले होते. तिच्या जुन्या पाटल्या मोडून नवीन काहीतरी करायचं होतं, त्यामुळे सोन्या मारुती चौकाजवळच्या तिच्या ठरलेल्या सराफाकडे आमचा दीड तास गेला, दोनदा चहा झाला. सराफकाका पाटली हातात फिरवत म्हणाले, "साठ वर्षं झाली असतील हिला, काही झालंय का बघा. चांदी काळी पडते, तांबं हिरवं पडतं, सोनं मात्र जसंच्या तसं. ते कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." आत्याने लगेच माझ्याकडे बोट केलं, "हिला विचारा, ही केमिस्ट्री शिकवते." आता मी अकरावी-बारावीचे क्लास घेते, मला कुणी विचारलं की गप्प बसवत नाही. मी म्हटलं, काका, तुमचं बरोबर आहे पण ते एवढ्या मोठ्या पाटलीपुरतं. सोन्याचा एकच अणू योग्य शेजाऱ्याजवळ बसवला तर तो हायड्रोजनचा रेणू फोडतो, तेसुद्धा साध्या खोलीच्या तापमानाला. काका हसले, आत्या म्हणाली काहीतरीच काय. मग रिक्षात बसून घरी येईपर्यंत जे तिला सांगितलं ते इथे जरा नीट लिहितेय.

आधी हायड्रोजन फोडणं म्हणजे काय ते. हायड्रोजन वायूत अणू सुटे नसतात, जोडीने असतात, दोन अणू आणि त्यांच्यामध्ये दोघांचे मिळून दोन इलेक्ट्रॉन. ही जोडी दिसायला चिमुकली, दोन अणूंमधलं अंतर ०.०७४ नॅनोमीटर, पण पकड भयंकर. एक मोल, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, जोड्या तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धक्काबुक्कीत जी ऊर्जा असते ती मोलला साधारण अडीच किलोज्यूल, म्हणजे हिशोब करा, कुठे अडीच आणि कुठे चारशे छत्तीस. नुसतं तापवून तोडू म्हणाल तर साध्या वातावरणीय दाबाला ३००० केल्विनपर्यंत नेऊनही दहातल्या एका जोडीपेक्षा कमीच तुटतात. तेवढ्या तापमानाला तुमचं सोनं कधीच वितळून उकळायच्या बेतात आलेलं असतं.

आणि ही जोडी तुटल्याशिवाय हायड्रोजनचं बहुतेक काहीच काम होत नाही. तेलाचं वनस्पती तूप करायचं, आधी जोडी तोडा. नायट्रोजनपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया, आधी जोडी तोडा. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआरने बनवलेली हायड्रोजनवर चालणारी बस पुण्यात दाखवली होती आठवतंय का, तसल्या बसच्या फ्युएल सेलमध्येसुद्धा हायड्रोजन आत आला की पहिलं काम तेच. फ्युएल सेलमध्ये हे काम प्लॅटिनम करतं, तुपाच्या कारखान्यात निकेल. या धातूंच्या पृष्ठभागावर हायड्रोजन नुसता टेकला तरी जोडी सुटते, कारण ते एका हाताने जोडीतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे इलेक्ट्रॉन जोडीच्या अशा रिकाम्या जागेत ढकलतात की तिथे इलेक्ट्रॉन गेला की बंध सैल पडतो. ओढा आणि ढकला, दोन्ही एकदम.

सोन्याला हे जमत नाही. त्याच्या डी कक्षेतले (कक्षा म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉनची राहायची जागा, तिचे एस, डी वगैरे प्रकार) इलेक्ट्रॉन भरलेले आणि ऊर्जेच्या हिशोबात खूप खाली बसलेले, हायड्रोजन जवळ आला की त्याला आधार मिळायच्या ऐवजी धक्काच बसतो. सोनं सगळ्या धातूंत जास्त उदासीन का, याचा हा खुलासा हॅमर आणि नॉर्स्कोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडला, आणि गंमत म्हणजे त्यांनी उदाहरणाला घेतलेली गोष्ट हायड्रोजन फोडण्याचीच होती. म्हणजे सराफकाकांचं वाक्य शास्त्रोक्त आहे, वाद नाही.

पण हे सगळं लगडीच्या सोन्याबद्दल. रविवार पेठेत पूर्वी झारेकरी लोक सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळ विकत घ्यायचे आणि धुवून त्यातून सोन्याचे कण काढायचे. त्यांच्या हाती लागणारा बारीकात बारीक कणसुद्धा आपल्या आजच्या गोष्टीसाठी डोंगर आहे. ३ नॅनोमीटरचा कण घेतला तर त्यात सोन्याचे साधारण आठशे अणू, आणि त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाहेरच्या बाजूला उघडे. जपानमध्ये ओसाकाला मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये असे नॅनोमीटरचे कण लोहाच्या, कोबाल्टच्या वगैरे ऑक्साइडवर (धातू आणि ऑक्सिजनच्या संयुगावर) बसवले आणि दाखवलं की उणे ७० अंश सेल्सिअसलाही ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतात. सोनं आणि उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा) हे दोन शब्द एका वाक्यात कुणी घेत नव्हतं, त्या काळात हे आलं.

मग साहजिक प्रश्न येतो की काम नक्की करतं कोण. कण करतो, की ज्याच्यावर तो बसलाय तो ऑक्साइड करतो, की दोघांची सीमा? हायड्रोजनच्या बाबतीत याचं एक छान उत्तर २००९ मध्ये जपानमधूनच आलं, हारुताही त्या कामात होते. टायटॅनियम ऑक्साइडवर सोन्याचे वेगवेगळ्या आकाराचे कण बसवले आणि त्यावर साधा हायड्रोजन व जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, मिसळून सोडला. साध्या जोडीचं वजन २, जड जोडीचं ४. जोड्या तुटून परत जुळल्या तर काही मिश्र जोड्या तयार होणार, त्यांचं वजन ३. म्हणजे ३ वजनाचं किती निघतं ते मोजलं की किती जोड्या तुटल्या ते कळतं, किती साधी युक्ती आहे बघा. तर हे प्रमाण कणाच्या वरच्या पृष्ठभागाशी जुळलं नाही, ते जुळलं कणाच्या परिघाशी, जिथे सोनं संपतं आणि ऑक्साइड सुरू होतो त्या काठाशी. घराच्या मधल्या खोलीत काही नाही, सगळा कारभार उंबऱ्यावर.

उंबऱ्यावर म्हणजे तरी नक्की कुठे? खऱ्या उत्प्रेरकाच्या भुकटीत काठ शेकडो प्रकारचे असतात, वाकडेतिकडे, कुठे ऑक्सिजन कमी, कुठे ओल, कुठे दोन कण चिकटलेले. मंडईत उभं राहून एका माणसाचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करण्यासारखं ते आहे. म्हणून काही रसायनशास्त्रज्ञ उलट्या बाजूने सुरुवात करतात: अख्खी भुकटी नकोच, उंबऱ्याचा एवढासा तुकडा घेऊ, तीन-चार-दहा अणूंचा, आणि त्याला निर्वात जागेत एकट्याला पकडून त्याच्यावर हायड्रोजन सोडू. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात, मराठीत पुंजका म्हणूया. धातूच्या ऑक्साइडच्या पुंजक्यात सोन्याचा अणू घातला की त्याला सोन्याचं डोपिंग म्हणतात. डोपिंग म्हटलं की आपल्याला पकडले गेलेले धावपटू आठवतात, पण इथे सराफीतला शब्दच चपखल आहे, भेसळ. फरक एवढाच की दागिन्यात तांबं ही भेसळ असते आणि इथे सोनंच भेसळ!

आता यातला मला सगळ्यात आवडणारा पुंजका. चारच अणू. एक सोनं, एक सेरियम, दोन ऑक्सिजन, आणि सगळ्यावर मिळून एक धन भार. सेरियम हे नाव अनोळखी वाटेल पण जुन्या मिरवणुकीतल्या गॅसबत्त्यांच्या जाळीत, ते पांढरं मँटल असायचं ना, त्यात थोडा सेरियम ऑक्साइड असायचा, आणि आज गाड्यांच्या सायलेन्सरकडे जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यातही असतो, कारण हा ऑक्साइड ऑक्सिजन द्यायला आणि परत घ्यायला फार तयार. तर या चार अणूंच्या पुंजक्यावर २०१४ मध्ये बीजिंगमधल्या संशोधकांनी काम प्रसिद्ध केलं. वजनाचा हिशोब करा: सोनं १९७, सेरियम १४०, दोन ऑक्सिजन ३२, एकूण ३६९. म्हणजे वजनाने साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपास सोनं, जेमतेम तेरा कॅरट. सराफकाकांनी हॉलमार्क दिला नसता.

हे बनवतात कसं ते पण भारी आहे. सोनं आणि सेरियम मिसळलेल्या चकतीवर लेझरचा ठोका मारायचा, तिथली धातूची वाफ होते, ती हेलियम आणि थोड्या ऑक्सिजनच्या झोतात सापडते आणि थंड होता होता अणू एकमेकांना चिकटून नाना तऱ्हेचे पुंजके तयार होतात. ही लेझरची पद्धत १९८० च्या सुमारास अमेरिकेत स्मॉली यांच्या प्रयोगशाळेत बसवली गेली, आणि फुटबॉलच्या आकाराचा ६० कार्बनचा रेणू १९८५ मध्ये तिच्यातूनच सापडला, ज्यासाठी पुढे १९९६ चं नोबेल मिळालं. आपल्या पुंजक्यांवर विजेचा भार असतो म्हणून त्यांना विद्युतक्षेत्राने हवं तसं वळवता येतं, आणि चार दांड्यांची एक चाळणी असते जी फक्त ३६९ वजनाचे पुढे सोडते, बाकी सगळे बाद. मग ते विजेच्या एका पिंजऱ्यात अडकवायचे, थोडा हायड्रोजन सोडायचा, आणि क्षणभराने सगळ्यांना एकसारखा ढकल देऊन नळीतून पळवायचं. हलका आधी पोचतो, जड मागून, वेळेवरून वजन. ३६९ चा आकडा कमी होऊन ३७१ वर नवीन टोक उगवलं की समजायचं हायड्रोजनची जोडी आत गेली. खात्रीसाठी ड्युटेरियम सोडायचं, टोक ३७३ वर सरकलं पाहिजे.

पण नुसतं चिकटलं की तुटलं? वजन काटा ते सांगत नाही, जोडी तशीच अंगाला चिकटली तरी ३७१ च. तिथे कामाला येतं क्वांटम गणित: प्रत्येक अणू कुठे, इलेक्ट्रॉन कुठे, किती ऊर्जा, हे कॉम्प्युटरवर सोडवतात आणि वाटेतला चढ किती ते बघतात. आपल्याकडेही अशी गणितं चालतात बरं का, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० हा महासंगणक बांधला, आणि पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक बसलाय. गणिताचं उत्तर असं येतं की जोडी तुटते, एक हायड्रोजन सोन्यावर जातो आणि दुसरा ऑक्सिजनवर.

इथे जरा थांबू, कारण खरी मजा या तुटण्याच्या पद्धतीत आहे आणि माझी मुलं परीक्षेत नेमकी इथेच चुकतात.

जोडी दोन प्रकारे तुटू शकते. दोन भावांनी वाड्याची वाटणी केली असं समजा, दोन खोल्या आहेत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. सरळ वाटणीत प्रत्येकाला एक खोली, दोन्ही हायड्रोजन एकेक इलेक्ट्रॉन घेऊन निघाले. प्लॅटिनमवर साधारण हे होतं. दुसऱ्या प्रकारात एकाने दोन्ही खोल्या बळकावल्या आणि दुसरा नेसत्या कपड्यानिशी बाहेर. दोन्ही इलेक्ट्रॉन घेतलेला हायड्रोजन ऋण भाराचा, त्याला हायड्राइड म्हणतात, आणि काहीच न मिळालेला म्हणजे नुसता प्रोटॉन, धन भाराचा. आता निर्वातात कुणाची मदत नसताना या दुसऱ्या वाटणीला ऊर्जा किती लागते माहितीये? मोलला सुमारे १६७५ किलोज्यूल. सरळ वाटणीच्या जवळजवळ चौपट! म्हणजे कागदावर बघाल तर हा शुद्ध वेडेपणा वाटेल, सोपा रस्ता सोडून चौपट महागडा रस्ता कोण घेईल.

पण तो महागडा आहे तो दोघे रस्त्यावर आले तर. बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनला हात देऊन घरात घेणारा कुणी शेजारीच उभा असेल, आणि हायड्राइडलाही बसायला जागा तयार असेल, तर हिशोब पार बदलतो. ऑक्साइडमधला ऑक्सिजन ऋण भाराचा, इलेक्ट्रॉनने गबर, प्रोटॉन दिसला की त्याला मिठी मारणारच, आणि त्यातून जो ऑक्सिजन-हायड्रोजन बंध होतो तो भक्कम. आणि दुसऱ्या बाजूला सोनं. या पुंजक्यात सोनं उदासीन धातू नाहीये, भार मोजून बघा: सेरियमचे अधिक ४, दोन ऑक्सिजनचे उणे ४, एकूण भार अधिक १ व्हायला हवा, मग तो अधिक १ सोन्यावरच येतो. धन भाराचं सोनं, इलेक्ट्रॉनला हपापलेलं. तसंही सोन्याला इलेक्ट्रॉनची हाव चांदीपेक्षा बरीच जास्त आहे, सुट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला तर सोन्याला २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फायदा आणि चांदीला १.३ चा. याचं कारण थेट आइनस्टाइनकडे जातं. सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन, त्यांच्या ओढीने सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात, सापेक्षतेमुळे त्यांची कक्षा आकसते आणि तिच्याबरोबर बाहेरची एस कक्षाही आत ओढली जाते. सोन्याचा पिवळा रंगही याच भानगडीतून येतो, हे मी दुकानात सांगितलं असतं तर आत्याने तिथेच हाताला धरून उठवलं असतं.

तर चित्र असं झालं. हायड्रोजनची जोडी सोन्यापाशी येते, सोनं तिच्यातले दोन्ही इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचायला लागतं, त्यामुळे जोडीचं लांबचं टोक थोडं धन होतं, आणि त्या टोकाला शेजारचा ऑक्सिजन पकडतो. जितकं सोनं ओढतं तितका ऑक्सिजन जास्त जोरात पकडतो, आणि तो जितका पकडतो तितकं सोन्याचं काम सोपं. अगदी अडकित्ता. सुपारी नुसत्या एका पात्याने दाबून बघा, निसटून पलंगाखाली जाईल, आणि खलबत्त्यात घालून ठेचणं म्हणजे ते ३००० केल्विन. दोन पाती समोरासमोर हवीत, आणि त्यांच्यातलं अंतरही सुपारीएवढंच हवं. सोनं आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट चिकटून बसले असते तर दोघांची भूक तिथेच भागली असती आणि हायड्रोजनसाठी जागाच उरली नसती. थोडं अंतर राहिलेली, एकमेकांपर्यंत पुरती न पोचलेली अशी जोडी लागते. अशा अतृप्त जोड्या धातूशिवायही बनवता येतात, कॅनडात डग्लस स्टीफन यांनी २००६ मध्ये फॉस्फरस आणि बोरॉन असलेल्या रेणूने हायड्रोजन फोडून आणि परत सोडून दाखवला होता. तत्त्व तेच.

या चार अणूंच्या गोष्टीला एक जास्तीचं महत्त्व आहे. ऑक्साइडचे पुंजके हायड्रोजनवर हल्ला करतात हे आधीही माहीत होतं, पण ते बहुतेक दुसऱ्या तऱ्हेने. काही पुंजक्यांत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या धन आयनात वगैरे, ऑक्सिजनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, जोडीदार नसलेला, तो पाकीटमारासारखा एक हायड्रोजन अणू हिसकावतो आणि दुसरा मोकळा उडून जातो. आपल्या सोनं-सेरियमच्या पुंजक्यात असा एकटा इलेक्ट्रॉन एकही नाही, सगळे जोडीत, म्हणजे वरून शांत कुटुंब. तरीही हायड्रोजन तुटतो. खऱ्या उत्प्रेरकातही बहुतेक जागा अशा शांतच असतात, त्यामुळे हा पुंजका त्यांच्या जास्त जवळचा.

जवळचा म्हणजे किती? याला धरून आणखी एक काम सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात फ्लिट्झानी-स्टेफानोपुलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरियम ऑक्साइडवर सोनं बसवलेला उत्प्रेरक घेतला. प्रक्रिया आपल्या प्रक्रियेच्या नात्यातली, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या वाफेपासून हायड्रोजन काढायची. त्यांनी तो उत्प्रेरक सायनाइडने धुतला, सोन्याच्या खाणीत वापरतात तेच. दिसणारे सगळे सोन्याचे कण विरघळून गेले. वाटेल की आता काम बंद. काम चालूच राहिलं, जवळपास आधीइतकंच! ऑक्साइडला धरून राहिलेलं, भार असलेलं, डोळ्यांना न दिसणारं थोडंसं सोनं तेवढं उरलं होतं आणि काम तेच करत होतं, बाकीचे कण नुसते शोभेचे. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. मला तर हे वाचून आपल्याच काही कमिट्या आठवल्या, असो.

आता एवढा खटाटोप करून सोनंच का, प्लॅटिनम आहे ना. प्लॅटिनम जोमदार आहे, पण सरसकट. समजा औषधाच्या कारखान्यात एका रेणूतला फक्त नायट्रो गट (नायट्रोजन-ऑक्सिजनचा भाग) हायड्रोजनने बदलायचाय आणि शेजारचा दुहेरी बंध तसाच ठेवायचाय, प्लॅटिनम नाहीतर निकेल दोन्हीकडे हात मारू शकतं. टायटॅनियम ऑक्साइडवरचं सोनं अशा वेळी नायट्रोपुरतंच काम करतं हे स्पेनमध्ये कोर्मा आणि सेर्ना यांनी २००६ मध्ये दाखवलं. म्हणजे सोन्याचा आळस इथे गुण ठरतो, त्याला हायड्रोजन फोडणं जड जातं म्हणूनच ते निवडून काम करतं. दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये तो थोडा उरतो आणि फ्युएल सेलच्या प्लॅटिनमला चिकटून त्याचा गळा आवळतो. ऑक्साइडवरचं सोनं कमी तापमानाला हायड्रोजनच्या आधी त्या मोनॉक्साइडला जाळतं, म्हणून सेलच्या आधी गाळणीसारखं ते लावायचे प्रयत्न आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, निर्वातातला चार अणूंचा पुंजका म्हणजे कारखाना नव्हे. तिथे हायड्रोजनची जोडी आत गेली हे दिसतं, पण उत्प्रेरक म्हणजे काम करून मोकळा होऊन पुन्हा दुसरी जोडी फोडणारा, तो फेरा पूर्ण झाला पाहिजे. आणि भुकटीत सोन्याचे सुटे अणू गप्प बसत नाहीत. तापमान वाढलं की ते ऑक्साइडवर सरकायला लागतात, एकमेकांना भेटतात आणि गोळा होऊन पुन्हा ती जुनी आळशी लगड व्हायच्या मार्गाला लागतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणं, ऑक्साइडमध्ये मुद्दाम ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा ठेवून त्यात खिळवणं वगैरे, यावर भरपूर डोकं खर्च होतंय.

रिक्षा घरापाशी आली तेव्हा आत्याने पावती काढली. पाटल्या जुन्या चिठ्ठीपेक्षा साडेतीनशे मिलिग्रॅम कमी भरल्या होत्या, झीज, त्यावरून ती दुकानात बराच वेळ कुरकुरली होती. मी मनात हिशोब केला, एकावर एकवीस शून्यं, एवढे अणू साठ वर्षांत कुठेतरी गेले, भांडी घासताना, कणीक मळताना. म्हटलं आत्या, सुटे झालेत सगळे, कुठेतरी हायड्रोजन फोडत असतील. ती रिक्षावाल्याला पैसे मोजून देत म्हणाली, "कशाचे फोडतायत. तूच म्हणालीस ना शेजारी लागतो म्हणून, आमच्या मोरीत कुठनं आणायचं तुझं ते सेरियम?"